सस्कॅचेवानच्या इंग्रज शेतकऱ्याचा माग पुण्यात बसून कसा काढावा

शेतकऱ्याचा माग काढायचा तर नावामागे धावू नका, जमिनीचा नंबर गाठा. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीची कामं करत निवृत्त झालो, त्यामुळे मला असंच वाटणार, हे मान्य. पण कॅनडाच्या प्रेअरीवर, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांच्या सपाट गवताळ मुलखात, हे आणखीनच खरं आहे. तिथे विल्यम आणि जॉन नावाचे इंग्रज पोत्याने सापडतात. त्यातला आपला कोणता हे ठरवता ठरवता भलत्याच घराण्याचा माणूस गळ्यात पडतो. जमिनीचा तुकडा मात्र एकच असतो. त्यावर कोण आला, किती महिने राहिला, काय पेरलं, कोणाचं देणं ठेवून गेला, हे सगळं त्या तुकड्याच्या कागदांत असतं.

हे काम माझ्याकडे लेकीमुळे आलं. लेक-जावई सॅस्काटूनला असतात. लेकीच्या ऑफिसातल्या एका बाईंचे पणजोबा इंग्लंडहून तिकडे गव्हाची शेती करायला गेले आणि १९१८ च्या साथीत वारले, एवढंच त्या घरात माहीत. शिवाय एका जुन्या वहीत जन्मठिकाण लिहिलेलं, 'किर्की, ईस्ट इंडीज'. लेकीचा फोन आला, "बाबा, किर्की म्हणजे आपली खडकीच ना? मग हे तुमचंच काम." त्यांचे वारस हयात आहेत, म्हणून नाव-गाव इथे देत नाही. पद्धत मात्र सगळी देतो. खडकी आणि कॅम्पात जन्मलेल्या गोऱ्या सोजिरांची पोरं जगभर पांगली आहेत, तेव्हा असा फोन उद्या तुम्हालाही येऊ शकतो.

आधी घरातलं मागवा

तिकडच्या मंडळींना "काय माहीत आहे?" असं विचारू नका. ते गोष्टी सांगत बसतात. वस्तू मागा: जुनी पाकिटं, बायबलचं पहिलं पान, फोटोंच्या मागच्या बाजू, कर भरल्याच्या पावत्या. यात सगळ्यात मोलाचं म्हणजे पोस्टाचं नाव. त्या काळी प्रेअरीवर कोणा तरी शेतकऱ्याच्या घरातच पोस्ट असायचं. तो शेतकरी गेला की पोस्ट बंद, आणि नावही नकाशावरून पुसलं जायचं. आजच्या नकाशात ते गाव शोधून काही हाती लागत नाही. ओटावाच्या 'लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा' या सरकारी दफ्तरखान्याच्या संकेतस्थळावर जुनी पोस्टं आणि पोस्टमास्तर यांची यादी फुकट पाहायला मिळते. तिथे पोस्टाचं नाव घातलं की ते कुठे होतं, केव्हा उघडलं, केव्हा बंद झालं, हे कळतं. पाकिटावरच्या एका शिक्क्याने आमचा शोध अख्ख्या प्रांतावरून वीस-पंचवीस मैलांच्या टापूत आला.

जमिनीचा नंबर वाचायला शिका

यावर थोडा वेळ घालवा. हे एकदा कळलं की पुढची निम्मी कामं सोपी होतात.

कॅनडा सरकारने १८७१ पासून हा सगळा मुलूख मोजून चौकोनांत कापला. नदी, ओढा, टेकडी कशाचीही पर्वा न करता. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. त्याचे चार भाग केले की १६० एकरांचा पाव सेक्शन. सरकार नव्या माणसाला द्यायचं ते हेच. आपल्या भाषेत ६,४०० गुंठे. मुळशी-मावळात दोन गुंठ्यांवरून भाऊबंदकी बघितलेल्या माणसाला हा आकडा पचायला वेळ लागतो.

नंबर असा दिसतो: 'एनडब्ल्यू १४-३०-१२-डब्ल्यू ३'. तो उजवीकडून वाचा. 'डब्ल्यू ३' म्हणजे तिसऱ्या मध्यान्ह रेषेच्या पश्चिमेला. ही रेषा १०६ अंश पश्चिम रेखांशावर आहे. दुसरी १०२ वर, चौथी ११० वर. चौथी रेषा हीच सस्कॅचेवान आणि अल्बर्टाची हद्द. पुढचा १२ हा रेंज, म्हणजे त्या रेषेपासून पश्चिमेकडे मोजलेला बारावा पट्टा. ३० ही टाउनशिप, अमेरिकेच्या सरहद्दीपासून उत्तरेकडे मोजलेली. म्हणजे सरहद्दीपासून सुमारे १८० मैलांवर. १४ हा सेक्शन आणि 'एनडब्ल्यू' हा त्याचा वायव्येकडचा पाव भाग. सेक्शनचे नंबर आग्नेय कोपऱ्यात १ पासून सुरू होतात, पश्चिमेकडे ६ पर्यंत जातात, तिथेच वर ७ आणि मग उलट पूर्वेकडे १२ पर्यंत. असे वळत वळत ईशान्य कोपऱ्यात ३६ ला संपतात. कागदावर एकदा स्वतः आखून बघा. १४ हा दक्षिणेकडून तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा येतो. तसा आला नाही तर पुन्हा आखा.

दोन सेक्शनांच्या मधला रस्ता बहुतेक ठिकाणी ६६ फुटांचा सोडलेला आहे. म्हणजे ज्याने आपली ३३ फुटी साखळी हाताळली आहे त्याला बरोबर दोन साखळ्या. इंग्रजाने साखळी इथेही नेली आणि तिथेही.

आता यातली खरी कामाची खूण. सम नंबरांचे सेक्शन बहुतेक करून फुकट वाटपासाठी होते; अशा जमिनीला तिकडे होमस्टेड म्हणतात. विषम नंबरांचे पुष्कळसे रेल्वे कंपन्यांना दिलेले. ८ आणि २६ चा बराचसा भाग हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीचा. ११ आणि २९ शाळांसाठी राखून ठेवलेले, ते पुढे लिलावात विकले गेले. तेव्हा आपल्या माणसाचा सेक्शन ११ असेल तर त्याने ती जमीन विकत घेतली आहे. त्याची होमस्टेडची फाइल शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण ती कधी उघडलीच नाही. विषम नंबरात एक अपवाद ध्यानात ठेवा. १९०८ पासून दक्षिण भागात होमस्टेडच्या शेजारचा पाव सेक्शन एकरी ३ डॉलरने हक्काने घेता यायचा. आमच्या माणसानेही तसा घेतलेला निघाला, आणि पुढे त्याला तोच नडला.

नंबर मिळवायचा कुठून

सस्कॅचेवानसाठी सगळ्यात आधी प्रांताच्या दफ्तरखान्याची होमस्टेड सूची उघडा. साडेतीन लाखांहून जास्त नोंदी आहेत, शोध फुकट आहे, आणि नावाने तसंच जमिनीच्या नंबराने दोन्ही बाजूंनी शोधता येतं. नावाने शोधताना फक्त आडनाव टाका, तेही स्पेलिंग बदलून बदलून. अल्बर्टाच्या फायली इंटरनेट अर्काइव्हवर आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर चढवलेल्या आहेत. मॅनिटोबाच्या त्या प्रांताच्या दफ्तरात.

ओटावाच्या संकेतस्थळावर पश्चिम कॅनडाच्या जमीन दानांची वेगळी यादी आहे. ती चांगली आहे, पण ती फक्त ज्यांना शेवटी मालकीचं पत्र मिळालं त्यांची. साधारण दहातल्या चार जणांनी जमीन अर्ध्यात सोडली असं अभ्यासक सांगतात. त्यांची नावं या यादीत नाहीत, प्रांताच्या सूचीत मात्र आहेत. यादीत नाव नाही म्हणजे माणूस तिथे गेलाच नाही, असं समजू नका.

मग जनगणना. प्रेअरी प्रांतांची वेगळी जनगणना १९०६, १९१६ आणि १९२६ साली झाली. देशाची १९०१, १९११, १९२१, १९३१ ची. सगळी फुकट. १९०६ च्या पानावर घोडे, दुभत्या गाई, इतर गुरं, मेंढ्या, डुकरं किती हेही आहे. आमच्या माणसापुढे दोन घोडे, बाकी सगळे रकाने कोरे. १९१६ च्या पानात टाउनशिप, रेंज आणि मध्यान्ह रेषेचे रकाने आहेत, देशात आल्याचं साल आहे, आणि कोण लढाईवर गेला याचीही खूण आहे. ती खूण दिसली तर कॅनडाच्या फौजेची पहिल्या महायुद्धातली फाइल काढा. सहा लाखांवर फायली पानन् पान स्कॅन केलेल्या आहेत.

शेवटचं हत्यार म्हणजे कमिन्स कंपनीचे नकाशे. १९१७ ते १९३० च्या दरम्यान निघालेल्या या नकाशांत प्रत्येक तुकड्यावर शेतकऱ्याचं नाव छापलेलं आहे. फिरत्या विक्रेत्यांना धंद्यासाठी लागत म्हणून काढलेले, पण मला विचाराल तर त्या काळातला हा सगळ्यात देखणा कागद. आपला माणूस सापडला की आजूबाजूच्या आठ-दहा जणांची नावंही उतरवून घ्या. लगेच लागणार आहेत.

होमस्टेडची फाइल

आता मुख्य कागद. सातबारा, पंचनामा आणि शेजाऱ्यांचे जबाब एकाच लखोट्यात मिळावेत, तशी ही फाइल आहे.

कायदा १८७२ चा. १० डॉलर भरायचे, १६० एकर आपल्या नावावर लावून घ्यायचे, आणि मग तीन वर्षं, दर वर्षी किमान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरलेली जमीन वहितीखाली आणायची. १८ वर्षांवरचा पुरुष किंवा कुटुंबप्रमुख अर्ज करू शकायचा. पदरात पोरं असलेल्या विधवेला मिळायची, बिनलग्नाच्या बाईला नाही. तीन वर्षांनी शेतकरी आणि दोन शेजारी शपथेवर जबाब द्यायचे. ते पटले की मालकीचं पत्र, ज्याला तिकडे पेटंट म्हणतात.

प्रत मागवताना फाइल नंबर आणि जमिनीचा नंबर दोन्ही लिहा, आणि "संपूर्ण फाइल" असं स्पष्ट लिहा. नाहीतर फक्त अर्ज आणि पेटंट येतं, मधला मसाला राहून जातो. फी किती ते आधी ईमेलने विचारा. पैसे कार्डाने भरावे लागतात, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. फोन करायचा असेल तर सस्कॅचेवान आपल्यापेक्षा बारमाही साडेअकरा तास मागे आहे; तिथे उन्हाळ्यात घड्याळं बदलत नाहीत. पुण्यात रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे दहा. जेवण उरकून फोन लावायचा. माणसं सौजन्याने बोलतात, वेळही देतात.

फाइल आली की आधी वर्षवार तक्ता काढा. कोणत्या साली किती एकर पड मोडली, किती पेरली, जनावरं किती, जमिनीवर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहिलात, आणि नव्हतात तेव्हा कुठे होतात. आमच्या माणसाने १९०६ च्या जूनमध्ये जमीन लावून घेतली. पहिल्या वर्षी ५ एकर मोडली, पेरली शून्य. दुसऱ्या वर्षी आणखी १२ मोडली, ५ पेरली. घर: बारा बाय सोळा फूट, गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या ढेपांचं. किंमत ५० डॉलर. नोव्हेंबर ते मार्च गैरहजर, 'रेल्वेच्या कामावर'. १९०६-०७ चा हिवाळा तिथला फार वाईट, गुरं उभ्याउभ्या गारठून मेली. ती थंडी त्याने मजुरांच्या छावणीत काढली हे त्या एका ओळीवरून कळतं. तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात पहिल्यांदा 'कुटुंब: पत्नी' असं आलं. घरच्यांना लग्नाचं साल माहीत नव्हतं. जमिनीच्या कागदाने ते सांगितलं.

यातले आकडे वाचताना सरकारी नोकराचा थोडा संशयी डोळा ठेवा. जमीन मिळायची असली की माणूस एकरं थोडी फुगवून सांगतो, आणि शेजारी त्याला दुजोरा देतो, कारण पुढच्या महिन्यात शेजाऱ्याच्या जबाबाला हाच साक्षीदार असतो. म्हणून मघाशी उतरवून घेतलेली शेजाऱ्यांची नावं काढा आणि निदान त्या दोन साक्षीदारांच्या फायली मागवा. तिथे आपला माणूस साक्षीदार म्हणून बोलतो. स्वतःबद्दल न बोललेलं दुसऱ्याबद्दल बोलताना बोलून जातो. आमच्याने शेजाऱ्याच्या जबाबात सांगितलं की त्याचा गहू १९०७ साली दहिवराने गेला, "माझ्यासारखाच". त्याच्या स्वतःच्या फाइलीत पीक गेल्याचा उल्लेख नाही. तिथे पीक हाती यायला जेमतेम शंभर दिवस मिळायचे. ऑगस्टमध्ये एक रात्र गारठली की संपलं. चार्ल्स सॉन्डर्सने तयार केलेला 'मार्क्विस' गहू साधारण १९१० नंतर सगळीकडे पसरला तो याचसाठी, की तो जुन्या 'रेड फाइफ'पेक्षा आठवडाभर आधी तयार व्हायचा. १९१६ ला मात्र तांबेऱ्याने मार्क्विसही झोपवला. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना तांबेरा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मागे इंग्लंड, त्याच्या मागे खडकी

जहाजाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात कष्ट बरेच आणि मिळकत कमी. कॅनडात उतरणाऱ्यांच्या याद्या १८६५ पासूनच्या आहेत. हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठते, त्यामुळे डिसेंबर ते एप्रिल हॅलिफॅक्स किंवा सेंट जॉन बंदर बघा, एरवी क्वेबेक. व्यवसायाच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका. क्लिफर्ड सिफ्टन या मंत्र्याच्या काळात, म्हणजे १८९६ ते १९०५, सरकारला शेतकरी हवे होते आणि एजंटांना डोईमागे पैसे मिळायचे. मग काय, लिव्हरपूलच्या धक्क्यावर कारकून आणि शिंपीसुद्धा शेतकरी झाले. १९०३ च्या मार्चअखेर 'लेक मॅनिटोबा' जहाजाने सुमारे दोन हजार इंग्रज आयझॅक बार या पाद्र्याच्या भरवशावर निघाले. त्यांच्यातल्या अनेकांनी नांगर हातात धरलेला नव्हता. सॅस्काटूनहून बैलगाड्यांनी दोनशे मैलांच्या वाटेला लागल्यावर त्यांनी बारला हटवून जॉर्ज लॉइडला पुढारी केलं. लॉइडमिन्स्टर शहराचं नाव त्याच्यावरून. तुमचा माणूस त्या वर्षी आणि त्या भागात आला असेल तर हा धागा नक्की बघा. आणि दहा-बारा वर्षांचा पोरगा आई-बापांशिवाय उतरलेला दिसला तर 'होम चिल्ड्रन'ची वेगळी यादी आहे. इंग्लंडच्या संस्थांनी एक लाखावर मुलं अशी कॅनडात मजुरीला पाठवली.

इंग्लंडात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. 'फ्रीबीएमडी' या संकेतस्थळावर सूची फुकट. जनगणना दर दहा वर्षांनी. आमचा माणूस १८८१ च्या जनगणनेत नाही, १८९१ मध्ये लिंकनशायरच्या एका शेतावर गडी म्हणून अचानक उगवतो, जन्म 'ईस्ट इंडीज'. फौजेतल्या बापाच्या पोरांचं असंच असतं. १८८१ ला ते सगळे खडकीत होते.

इथे पुण्यातल्या माणसाला वाटतं, चला, खडकीच्या चर्चमध्ये जाऊन रजिस्टर बघू. जायला हरकत नाही. ऑल सेंट्स चर्च बघण्यासारखं आहेच. पण आधी घरी बसून लंडनची प्रत बघा. इथल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा, लग्नं, दफनं यांच्या प्रती दर वर्षी वर पाठवायच्या असा नियम होता. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई इलाख्याची मालिका 'एन ३'. त्यांची सूची फॅमिलीसर्चवर फुकट आहे, पानांची चित्रं फाइंडमायपास्टवर पैसे भरून. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश कुटुंबांचा शोध घेणाऱ्या 'फिबिस' या संस्थेचा फुकट शोधही करून बघा. शोधताना 'किर्की' आणि 'पूना' हीच जुनी स्पेलिंगं टाका; आजच्या स्पेलिंगने काही निघत नाही. कुटुंब कॅथलिक असेल तर नोंद दुसऱ्या चर्चची असणार. नोंदीत मुलाची जन्मतारीख, आई-बापांची नावं, बापाचा हुद्दा आणि पलटण मिळते. आमच्याचा बाप तोफखान्यात गनर. जन्म १८७९. पलटण कळली की बापाची निवृत्तीची कागदपत्रं लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरात 'डब्ल्यूओ ९७' या मालिकेत शोधायची. त्यात उंची, आजारपणं, शिक्षा, सगळं असतं.

मरणाचे कागद

सस्कॅचेवानात सत्तर वर्षांपूर्वीच्या मृत्यूंची सूची ऑनलाइन आहे. नोंद सापडली की दाखल्याची पूर्ण प्रत मागवता येते. आमच्या माणसाचा मृत्यू नोव्हेंबर १९१८, वय ३९. कारण इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनिया. आपल्याकडे जिला मानमोडी म्हणायचे, तीच साथ. मुंबई इलाख्यात ती त्याच वर्षी जूनमध्ये आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने कहर केला. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली, कॅनडात सुमारे पन्नास हजार. तरणीताठी माणसं जास्त गेली, दोन्हीकडे.

दाखल्यावर एवढंच मिळतं. माणूस कसा मेला हे त्यावर असतं, कोणत्या परिस्थितीत मेला ते नसतं. त्यासाठी वारसा प्रकरणाची फाइल लागते. सस्कॅचेवानच्या १९३१ पर्यंतच्या पुष्कळशा फायली फॅमिलीसर्चवर आहेत. त्या जिल्हा कोर्टाप्रमाणे लावलेल्या आहेत, नावाने शोध लागला नाही तर त्या कोर्टाच्या सूचीची पानं उलटावी लागतात. मृत्यूच्याच वर्षात शोधून थांबू नका, पुढची दोन-तीन वर्षंही बघा. इंग्लंडात त्याच्या नावावर काही असेल तर तिथल्या मृत्युपत्रांच्या वार्षिक सूचीतही तो सापडतो.

आमच्या माणसाने मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणून बायकोने मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा अर्ज कोर्टात केला. त्याला मालमत्तेची यादी जोडलेली. पाव सेक्शन दोन, त्यातल्या दुसऱ्यावर गहाणाचा बोजा. कोठीत ६०० बुशेल (धान्याचं तिकडचं माप) गहू. बाइंडर, म्हणजे पीक कापून पेंढ्या बांधणारं यंत्र, एक, हप्ते बाकी. घोडे चार, आणि प्रत्येकाचं वर्णन, कारण तेही तारण होते: तांबूस घोडी, वय १४, डावा डोळा नाही, काळा घोडा, वय ६, असं. १९१८ ला गव्हाचा सरकारी भाव बुशेलला सव्वादोन डॉलरच्या आसपास होता, म्हणजे आधी कधी नव्हता इतका. अशाच काळात माणूस कर्ज काढतो. भाव टिकेल या हिशोबाने त्याने दुसरा तुकडा आणि यंत्र दोन्ही अंगावर घेतलं. दोन वर्षं हाती मिळाली असती तर फिटलंही असतं.

या फायलीत आकड्यांपेक्षा पुरवण्या जास्त बोलतात. घेणेकऱ्यांनी आपापली बिलं लावलेली असतात, ती एकही सोडू नका. गावच्या दुकानदाराचं उधारीचं बिल तारीखवार होतं. ऑक्टोबरभर नेहमीचा माल: चहा, साखर, रॉकेल, खिळे, घोड्याच्या पट्ट्याचं बकल. २ नोव्हेंबरला कापूर आणि मोहरीची पूड. ५ ला पुन्हा कापूर आणि दोन लिंबं. ९ ला काळं कापड, चार यार्ड. डॉक्टरचं बिल फाइलीत नाहीच. याचा अर्थ डॉक्टर आला नाही असा मी घेतो. खात्री करायची तर त्या आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र बघायचं. प्रांताची जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन आहेत, आणि अल्बर्टा विद्यापीठाचा 'पील्स प्रेअरी प्रॉव्हिन्सेस' संग्रहही फार मोठा आहे. माणसाच्या नावाने मृत्यूची बातमी शोधण्यापेक्षा पोस्टाच्या नावाने त्या भागाचं पत्र शोधा. दर आठवड्याला कोणी तरी लिहायचं, कोण आजारी, कोणाकडे पाहुणे. आम्हाला तिथेच मिळालं: डॉक्टर स्वतः अंथरुणावर होता. पुढच्या वसंतातल्या अंकात विधवेने दिलेली लिलावाची जाहिरात आहे. एका डोळ्याची घोडी त्यात नाही.

थडग्यासाठी सस्कॅचेवान जीनिऑलॉजिकल सोसायटीची सूची, 'कॅनेडियन हेडस्टोन्स' आणि 'फाइंड अ ग्रेव्ह' या तिन्ही ठिकाणी बघा. तिथे नसेल तर ग्रामीण म्युनिसिपालिटीच्या कचेरीत दफनभूमीचं रजिस्टर असतं. साथीत गेलेल्या पुष्कळांवर दगड लागलाच नाही, रजिस्टरात मात्र जागेचा नंबर असतो. १९५५ आणि १९८० साली, प्रांताला पन्नास आणि पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, गावोगावच्या मंडळींनी आपापल्या भागाचे जाडजूड इतिहास छापले. कुटुंबांनी स्वतःच लिहिलेले. शाळा, नाच, बेसबॉल यांसाठी ते छान आहेत. कर्ज आणि भांडणं यांसाठी त्यांच्यावर अजिबात विसंबू नका. आमच्या कुटुंबाच्या दोन परिच्छेदांत लिलाव नाही, गहाण नाही, "नंतर ते शहरात राहायला गेले" एवढंच.

जमीन आज बघायची असेल तर

पेटंटनंतरचे व्यवहार होमस्टेडच्या फाइलीत नसतात. ते जमिनीच्या टायटलच्या, म्हणजे मालकी हक्काच्या, दफ्तरात, आणि तिथे प्रत्येक कागदाला पैसे पडतात. विधवेकडून कोणाकडे गेली एवढं हवं असेल तर एक जुनं टायटल पुरे. साखळीतले सगळे काढू नका.

आजचा मालक कोण हे त्या ग्रामीण म्युनिसिपालिटीच्या नकाशावर मिळतं. कचेरीत स्वस्तात विकत मिळतो. त्यावर तोच नंबर, तोच चौकोन, आत नवं नाव. लेक आणि त्या बाई गेल्या तेव्हा मालकाला आधी फोन केला होता. तुम्हीही करा, न विचारता शेतात पाऊल टाकू नका. सप्टेंबर टाळा, कापणीच्या दिवसांत तो फोन उचलणार नाही. मे महिन्यात पेरणी. जुलै बरा. गाडी रस्त्यावरच लावा, बूट घाला, आणि जुन्या विहिरींपासून सांभाळून. वरून लाकडं कुजलेली असतात आणि गवतात दिसत नाहीत.